बंब येईस्तोवर

आमच्या वऱ्हाडात बंब दोन प्रकारचे. एक न्हाणीजवळचा, तांब्याचा, अंघोळीचं पाणी तापवणारा. दुसरा लाल रंगाचा, घंटा वाजवत येणारा, आगीवर पाणी मारणारा. एक विस्तवानं पाणी तापवतो, दुसरा पाण्यानं विस्तव विझवतो, अन् नाव दोघांचं एकच. लहानपणी मला ह्याचं मोठं कोडं पडायचं. पुढं कळलं की हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीज लोकांच्या तोंडून आला. त्यांच्या भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात. आगीवर जाणाऱ्या माणसाला तिकडं ‘बोंबेरो’च म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत बंबवाला.

पोर्तुगालमध्ये आजही पुष्कळसे बंबवाले बिनपगारी आहेत. दिवसा कोणी दुकान चालवतो, कोणी शेती करतो, अन् भोंगा वाजला की बंबावर चढतो. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात तर सगळेच्या सगळे बंबवाले असे. तिथल्या वालपराईसो नावाच्या बंदराच्या शहरात १८५० साली मोठी आग लागली, अन् १८५१ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःचं आगपथक उभं केलं. तेव्हापासून त्या देशात ही रीत चालू आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ विचार करत बसलो. शब्द आपण घेतला, गाडीही घेतली, पण गाडीमागचा माणूस घ्यायचा राहूनच गेला काय?

तसं म्हटलं तर माणूस आपल्याकडं होता. बंब नव्हता तेव्हाही आगी विझतच होत्या.

चांदूर रेल्वेपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. मी लहान होतो तेव्हा निम्म्याहून जास्त घरं पऱ्हाटीच्या कुडाची. कुडाला शेणामातीचा लेप अन् वर गवताचं छप्पर. कवेलूची घरं मोजकी. घराला लागून गोठा, गोठ्याला लागून कुटाराची खोली, मागं कडब्याची गंजी. चैत्र-वैशाखात आमच्याकडं ऊन असं पडते की दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. वरून वावटळ. उकिरड्यावर टाकलेल्या चुलीच्या राखेत एक निखारा जिवंत राहिला तर अर्ध्या घंट्यात अर्धं गाव जायचं. म्हणून उन्हाळ्यात दुपारी चूल पेटवायची नाही, रांधणं सकाळीच उरकायचं, असा बायांचा आपसातला नेम होता.

आमच्या चावडीपुढच्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक हातभर तुकडा टांगलेला होता. तो लोखंडानं ठोकला की आवाज वावरापर्यंत जायचा. हळूहळू ठोकला तर सभा. धडाधड ठोकला तर आग.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका दुपारी तो धडाधड वाजला. खालच्या आळीत गोठा पेटला होता. माणसं वावरातून आली ती चपला सोडून आली. पहिलं काम ढोरांची दावी कापणं. सोडत बसायला वेळ नसतो, विळ्यानं कापायची. दुसरं काम विहीर. विहिरीवर आठ जण ओढायला, अन् तिथून आगीपर्यंत माणसांच्या दोन ओळी. एका ओळीतून भरलेल्या बादल्या, गुंड, घागरी हातोहात पुढं जायच्या. दुसऱ्या ओळीत बहुतेक बाया अन् आम्ही पोट्टे. त्या ओळीतून रिकामी भांडी मागं यायची. कोणी शिकवलं नव्हतं. जुनी माणसं अशीच उभी राहत आली, म्हणून तेही उभे राहिले.

तिसरं काम सगळ्यात कठीण होतं. पेटलेलं घर वाचत नसते. त्याच्या पुढचं, हवेच्या तोंडावरचं घर वाचवायचं असते. त्यासाठी मधलं एखादं छप्पर पाडून रिकामी जागा करा लागते. पण पाडायचं कोणाचं? त्या दिवशी मधात एका म्हाताऱ्या विधवा बाईची झोपडी होती. पोलीस पाटील तिला म्हणाले, “काकी, तुमचं छप्पर पाडा लागते.” ती म्हणाली, “पाडा बापा. पण पयले माह्या कोठीतली जवारी काढा.” जवारी काढली, आकड्या लावल्या, छप्पर ओढलं. आग तिथं थांबली. तीन घरं अन् दोन गोठे गेले, पण गाव राहिलं. पुढच्या चार दिवसांत गावानं तिची झोपडी पुन्हा उभी केली. गवत एकानं दिलं, बल्ल्या दुसऱ्यानं दिल्या, शाकारणी सगळ्यांनी मिळून केली.

ह्या गोष्टीतला एक भाग लोक सांगताना गाळतात. तोही लिहितो. आमच्या गावात तेव्हा पाणवठे वेगळे होते. त्या दुपारी ओळीत कोण कोणाच्या शेजारी उभा आहे अन् कोणाचा हात कोणत्या बादलीला लागला, हे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा पाहू लागले. म्हणजे आगीपुरतं गाव एक व्हायचं, अन् राख थंड झाली की पुन्हा वेगळं. जुन्या काळाचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

आता हाताच्या बादलीपासून बंबापर्यंतचा रस्ता सांगतो. तो रस्ता कापसावरूनच जातो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला अन् वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव करत नागपूरला पोचला. आमच्या चांदूरला ‘रेल्वे’ हे आडनाव तेव्हापासूनचं, नाहीतर चांदूर बाजारात अन् आमच्यात लोकांचा घोळ व्हायचा. मग रुळाच्या कडेकडेनं जिन अन् प्रेस उभे राहिले. अन् कापूस जिथं साठतो तिथं आग दबा धरून बसते.

माझे बाबा दोन हंगाम एका जिनात हमालीला होते. ते सांगत, कापसात एखादा गोटा किंवा खिळा राहिला अन् रेच्यात गेला की ठिणगी उडते. सुटी रुई तर बारुदासारखी. आग तिच्यावरून पळते, माणसाला गाठता येत नाही. बांधलेली गठाण ह्याच्या उलट. दीडशे-पावणेदोनशे किलोची, दगडासारखी दाबलेली. ती वरून विझलेली दिसते पण आत धुमसत राहते. कच्च्या कापसावर मेणासारखा थर असते, त्यामुळं पाणी लवकर आत जात नाही. दोन-दोन दिवसांनी पुन्हा धूर निघते. म्हणून अशी गठाण ओढून मोकळ्या जागेत न्यायची, लोखंडी पट्ट्या तोडायच्या, उकलायची अन् मग भिजवायची.

त्या जिनात भिंतीला लाल बादल्या टांगलेल्या असत, काहींत पाणी, काहींत रेती. त्यांचं बूड गोल. खाली ठेवली की लवंडणार. बाबांना पहिल्यांदा वाटलं, बनवणारा चुकला. मग मुकादमानं सांगितलं, “चपटं बूड असतं तर एकही बादली इथं राहिली असती काय? बायकोनं गोठ्यात नेली असती.” आगीची बादली आगीसाठीच राहावी म्हणून जगभर ही युक्ती वापरत.

बादलीच्या पुढची पायरी म्हणजे हातबंब. लंडनमधल्या रिचर्ड न्यूशम नावाच्या कारागिरानं १७२१ मध्ये आपल्या हातबंबाचं पेटंट घेतलं. चाकांवरची एक लांबट लाकडी पेटी. तिच्यात दोन नळकांडी अन् मधात हवेचा एक बंद डबा. दोन्ही बाजूंना लांब दांडे. दोन्हीकडं माणसं उभी राहून ते वरखाली करत. एक दट्ट्या खाली गेला की दुसरा वर येई, अन् मधल्या डब्यातल्या हवेच्या दाबानं पाण्याची धार न तुटता सलग निघे. आपल्या फवारणीच्या पंपाचं तत्त्व तेच आहे. पण त्या पेटीत पाणी भरायला पुन्हा बादल्यांचीच ओळ लागायची. दांडा मारणारा माणूस काही मिनिटांत थकायचा, त्याच्या जागी दुसरा ताजा माणूस लागायचा. म्हणजे एका यंत्राला चाळीस-पन्नास माणसं. यंत्र आलं म्हणून माणूस सुटला नाही, उलट त्याला ओळीनं अन् ताल धरून काम करायची सवय लावून घ्यावी लागली.

ती सवय कशी लागली, हे सगळ्यात चांगलं दिसते अमेरिकेत. फिलाडेल्फिया शहरात १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन ह्या छापखानेवाल्यानं तीसेक शेजाऱ्यांना गोळा करून एक आगमंडळ काढलं. पुढं हा माणूस मोठा झाला, देशाच्या स्वातंत्र्याच्या कागदावर त्याची सही आहे. पण ह्या मंडळाचे नियम अगदी घरगुती होते. प्रत्येकानं ठरलेल्या संख्येनं चामड्याच्या बादल्या अन् सामान बाहेर काढायला पिशव्या-टोपल्या आपल्या घरी कायम तयार ठेवायच्या. महिन्यातून एकदा संध्याकाळी जमायचं अन् आगीबद्दल बोलायचं. जो येणार नाही त्यानं दंड भरायचा. त्या दंडाच्या पैशातून पुढं बंब, शिड्या अन् आकड्या घेतल्या गेल्या. बंब मागाहून आला, मंडळ आधी झालं. मला ह्या सगळ्या इतिहासात हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

अशा मंडळांचं सगळंच चांगलं होतं असंही नाही. पुढच्या शंभर वर्षांत तिकडं गल्लोगल्ली मंडळं झाली, प्रत्येकाचा बंब रंगवलेला, सजवलेला. नळाजवळ आधी कोण पोचते ह्यावरून घर जळत असताना मंडळा-मंडळात मारामाऱ्या व्हायच्या. आपल्या मिरवणुकीत पुढं कोण, ह्यावरून होतात तशाच. १८२९ मध्ये लंडनला वाफेवर चालणारा बंब तयार झाला. त्याला पन्नास माणसं लागत नव्हती. १८५३ मध्ये सिनसिनाटी शहरानं वाफेचा बंब घेतला अन् फुकटची भांडखोर मंडळं मोडून पगारी माणसं ठेवली. मोठ्या शहरांत मग हाच रिवाज झाला. खेड्यांत मात्र मंडळं टिकली. अमेरिकेत, जर्मनीत आजही आग विझवणाऱ्यांत बिनपगारी माणसंच जास्त आहेत, कारण लहान गावाला पगारी बंब परवडत नाही अन् लांबचा बंब वेळेवर पोचत नाही. हे दोन्ही आपल्याला किती ओळखीचं आहे!

आपल्याकडं बंब आला तो शहराच्या वाटेनं. मुंबईत १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाच्या आतल्या वस्तीला मोठी आग लागली होती. पुढं आगीचं काम बराच काळ पोलिसांकडं होतं. १८८७ पासून मुंबईचं स्वतंत्र अग्निशमन दल धरतात. घोड्यांचे बंब गेले, मोटारीचे आले. अन् मग १४ एप्रिल १९४४ चा दिवस उगवला. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज लागलं होतं. त्याच्या पोटात दारूगोळा होता अन् कापसाच्या गठाणी होत्या. गठाणी आतल्या आत धुमसत होत्या. बंबवाले पाणी मारत राहिले, पण आगीचं मूळ सापडेना. दुपारी चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं, अन् अर्ध्या घंट्यानंतर पुन्हा त्याहून मोठा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या आगीत गेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. बाबांनी सांगितलेली उकलायची गठाण मला ही हकिकत वाचताना आठवते. कापूस कुठलाही असो, विझवायची रीत तीच, अन् तिथं त्या माणसांना ती गठाण बाहेर ओढायला सवड मिळाली नाही.

आमच्या जवळचंही सांगतो. वर्धा नदीच्या पलीकडं पुलगावला सैन्याचं दारूगोळ्याचं भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथं आग लागून स्फोट झाले. जे गेले त्यांत दोन लष्करी अधिकारी होते अन् बाकी बहुतेक आग विझवायला धावलेले अग्निशमनचे कर्मचारी होते. बंबवाल्याबद्दल बोलताना, “उशिरा येतात” एवढंच बोलू नये म्हणून हे लिहिलं.

आपल्या राज्यात नगरपरिषदेचा कायदा १९६५ चा आहे. आग विझवणं हे त्यात नगरपरिषदेचं आवश्यक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. म्हणून तालुक्याच्या गावी बंब असते. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यातही आग विझवायला मदत करणं हे पंचायतीच्या कामांत आहे. पण पंचायतीजवळ बंब नसते, अन् मदत म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही. त्यामुळं आमच्यासारख्या खेड्यात आगीचा अर्थ एवढाच उरला, की फोन लावायचा अन् रस्त्याकडं पाहत उभं राहायचं.

आमच्या गावात पहिल्यांदा बंब आला तेव्हा बाया लेकरं कडेवर घेऊन पाहायला गेल्या होत्या. लाल गाडी, जाड पाईप, धारेचा जोर. दोन बादल्यांच्या ओळींना जे घंटाभर लागायचं ते त्यानं पाच मिनिटांत केलं. त्या दिवशी गावानं मनातल्या मनात ठरवून टाकलं, की आता हे काम आपलं नाही. चावडीपुढचा रुळाचा तुकडा पुढं कोणी काढून नेला तेही कळलं नाही. विहिरी खोल गेल्या, पाणी नळाला आलं, घरावर टिन अन् सिमेंटचं छत आलं. आगी कमी झाल्या हे खरं. पण धावायची सवयही गेली.

बंबाचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. साध्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावते. दोन पाईप जोरात सोडले तर ते काही मिनिटांत संपते. मग तो पुन्हा भरायला जाते. आमच्या गावातल्या ट्रॅक्टरच्या टँकरमध्येही तेवढंच पाणी मावते. फरक पंपाचा, पाईपाचा अन् शिकलेल्या माणसाचा. अन् सगळ्यात मोठा फरक अंतराचा. अमरावतीहून बंब निघाला तर चांदूरपर्यंतच तीस किलोमीटर. सोयाबीनच्या वाळल्या गंजीला एवढा दम नसते.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या शिवारात एका कास्तकाराची चार एकरांची गंजी पेटली. सव्वा घंट्यानं बंब आला, तोवर राख झाली होती. लोक चालकावर धावून गेले. तो पोरगा म्हणाला, “दादा, मी दुसऱ्या गावची आग विझवून इकडंच येऊन राह्यलो, घरी पण गेलो नाही.” त्याचं तरी काय चुकलं? मी तिथं उभा राहून आजूबाजूला पाहिलं. दोनशे पावलांवर विहीर होती, तिच्यावर मोटर होती, पण शेतीच्या लाइनीची पाळी रात्रीची. गावात भरलेला टँकर उभा होता, पण किल्ली चालकाच्या खिशात अन् चालक बाजाराला. तीन घरी डिझेल इंजिन पडलेलं, पण कोणाचं सुरू होते हे कोणाला माहीत नाही. साठ-सत्तर माणसं हजर, त्यातले वीस जण मोबाइलवर चित्रीकरण करत होते. बादल्यांची ओळ कोणी लावली नाही, कारण ती कशी लावायची हे पाहिलेले आम्ही चार म्हातारेच उरलो होतो.

त्या गंजीवर त्याच्या मुलीच्या कॉलेजचे पैसे होते. त्या वर्षी ती गेली नाही.

आमचा भाग गुरुकुंज मोझरीच्या सावलीतला. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तिथं आश्रम काढला, अन् गाव आपलं आपण सांभाळावं हे शिकवलं. आमच्याही गावात सामुदायिक प्रार्थनेचं मंडळ आहे. त्या आठवड्यात प्रार्थना झाल्यावर मी फ्रँकलिनच्या मंडळाची गोष्ट सांगितली. पोट्ट्यांना दंडाची गोष्ट फार आवडली. एक जण म्हणाला, “काका, बंब नाही परवडत. पण यादी तं परवडते.”

मग यादी झाली. चावडीच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिली. टँकर कोणाचा अन् दुसरी किल्ली कोणत्या खुंटीला. चालू डिझेल इंजिन कोणाचं. उन्हाळ्यातही पाणी राहते अशा विहिरी तीन. विजेचा खांब पेटला तर पाणी न मारता आधी कोणाला फोन करायचा. बंब बोलवायचे नंबर. तो आला की रस्त्यावर उभं राहून वाट दाखवायला कोण जाईल, अन् तो रिकामा झाला की कोणत्या विहिरीवर भरून द्यायचा. खाली चौदा नावं, त्यात तीन बाया. ही नावं गावाच्या सगळ्या आळ्यांतली आहेत, अन् एकाच ओळीत लिहिली आहेत.

दरवर्षी होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही इंजिन सुरू करून पाहतो, टँकर भरतो, पाईप जोडतो अन् पडक्या शाळेच्या भिंतीवर पाणी मारतो. जो येत नाही त्याला पन्नास रुपये दंड. पहिल्या वर्षी हाक दिल्यापासून पाणी भिंतीवर पडेस्तोवर एकोणीस मिनिटं लागली. यंदा अकरा लागली. दंडाच्या पैशातून दोन लांब पाईप अन् एक तोटी आली. नवीन पाईपाचे पैसे सगळ्यात जास्त ज्याच्या दंडातून आले, त्यालाच आम्ही ते गुंडाळून ठेवायचं काम दिलं आहे.